लघुलहरींवरचा 'रशियन सुतार पक्षी'

जुलै १९७६ मध्ये जगभरच्या लघुलहरी रेडिओ-श्रोत्यांना एक चमत्कारिक आवाज ऐकू येऊ लागला. बातम्या वा गाणी चालू असताना मध्येच सेकंदाला सुमारे १० ठोक्यांची अखंड टकटक सुरू होई. खोड टोचणाऱ्या पक्ष्याची आठवण होऊन त्याला 'रशियन सुतार पक्षी' हे नाव पडले.

हा आवाज सोव्हिएत संघाच्या 'दुगा' या रडारचा होता. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटताच वर्दी मिळावी, हा त्याचा उद्देश. साधे रडार सरळ रेषेत पाहते. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडचे त्याला दिसत नाही. लघुलहरी मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात. तेथून त्यांचा प्रतिध्वनी त्याच वाटेने परततो; पण तो इतका क्षीण असतो की मूळ स्पंद प्रचंड शक्तीचे असावे लागतात. रेडिओ सिलोनची गाणी महाराष्ट्रात पोहोचत, तीही आयनांबराच्याच आधारे. साहजिकच या अतिगुप्त यंत्रणेचा ठोका घरोघरच्या रेडिओत उमटला. त्यातच आयनांबराची स्थिती तासागणिक पालटते. त्यामुळे रडारही ७ ते १९ मेगाहर्ट्झच्या दरम्यान जागा बदलत राही आणि प्रसारण केंद्रे, हौशी 'हॅम' मंडळी, विमानांचे संदेश, कोणाचीच पत्रास ठेवत नसे.

अनेक देशांनी तक्रारी केल्या. मॉस्कोने दाद दिली नाही. रेडिओ-उत्पादकांनी हे ठोके गाळणारी मंडले संचांत बसवली. काही हॅमनी तर त्याच कंप्रतेवर उलट ठोके पाठवून रडारला सतावण्याचा उद्योगही केला!

एवढे करून रडारची नजर कितपत पोचत होती, हा प्रश्नच आहे. अमेरिकेकडचा मार्ग ध्रुवप्रदेशावरून जातो आणि ध्रुवीय प्रकाशामुळे तेथील आयनांबर सतत क्षुब्ध असते.

'दुगा'चा सुमारे १५० मीटर उंचीचा ग्राहक अँटेना युक्रेनमध्ये चेर्नोबिल अणुवीज केंद्राजवळ होता, तर प्रक्षेपक सुमारे ६० किलोमीटरवर. एप्रिल १९८६ च्या अणुदुर्घटनेनंतर हे रडार बंद पडले. अतिपूर्वेकडील कोम्सोमोल्स्क-ऑन-अमूर येथील दुसऱ्या रडारचे ठोके मात्र १९८९ अखेरपर्यंत ऐकू येत होते. चेर्नोबिलजवळची ती पोलादी भिंत आजही जंगलात उभी असून २०२१ मध्ये युक्रेनने तिला संरक्षित वारसावास्तूचा दर्जा दिला. तंत्र मात्र मागे पडलेले नाही. रशियाचे 'कंटेनर' हे त्याच जातीचे रडार डिसेंबर २०१९ मध्ये सेवेत दाखल झाले आणि हॅम मंडळींच्या तक्रारवहीत त्याचेही नाव चढले.