टायर दुरुस्ती कारागीर

वाहनाच्या चाकावरील टायर व ट्यूब उतरवणे, तपासणे, पंक्चर काढणे, हवा भरणे आणि चाक पुन्हा बसवणे ही कामे करणारा कामगार. बोलीत पंक्चरवाला किंवा टायरवाला. महामार्गालगतच्या टपरीपासून सर्व्हिस सेंटरपर्यंत कामाची जागा व साधने बदलतात. मात्र टायर पुन्हा रस्त्यावर जाण्याजोगा आहे की नाही, हा निर्णय सर्वत्र त्यालाच करावा लागतो.

पूर्वपीठिका : हवा भरलेल्या टायरचे पेटंट स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, परंतु अशा टायरचा प्रसार जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलसाठी बनवलेल्या टायरनंतर झाला. तो टायर चाकाला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढायला तासन्‌तास लागत. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला आणि दुरुस्ती वाटेतच उरकणे शक्य झाले.

कार्यपद्धती : ट्यूबच्या टायरात वॉल्व्हची पिन काढून हवा सोडतात आणि टॉमी नावाच्या लोखंडी पट्टीने टायरची कड रिंगेवरून उचलून ट्यूब बाहेर घेतात. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवली की बुडबुड्यांवरून छिद्र सापडते. ती जागा कानशीने खरवडून सोल्यूशन लावतात, ते किंचित सुकू देतात व मग पॅच दाबून बसवतात. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायर आतून चाचपणे आवश्यक असते; खिळा किंवा तार तशीच राहिली, तर नवे पंक्चर ठरलेलेच.

ट्यूबलेस टायरात चाक न उतरवताही चिकट रबरी वात छिद्रात खुपसता येते. अधिक भरवशाचा उपाय म्हणजे टायर उतरवून आतून बसवलेला मशरूम पॅच. त्याचा देठ छिद्र भरतो आणि वरची टोपी आतला थर झाकते. टायर उतरवल्याने आतली तपासणीही होते. कमी हवेवर गाडी दामटली असेल, तर आत काळा रबरी चुरा पडलेला दिसतो. असा टायर बाहेरून धड दिसला तरी बाद करावा लागतो. मोटारीच्या टायरात नक्षीच्या भागातील साधारण ६ मिमीपर्यंतचे छिद्रच दुरुस्तीयोग्य मानतात. बाजूच्या भिंतीला चीर गेल्यास पॅच टिकत नाही, कारण चाक फिरताना तो भाग सतत वाकतो.

धोके : ट्रकच्या टायरात हवेचा दाब दर चौरस इंचाला १०० पाउंडांहून अधिक असतो. टायर चाकावर अडकवून ठेवणारी लॉक रिंग नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती उसळून कारागिराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून अशी चाके लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरावी आणि उतरवण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. सोल्यूशन ज्वलनशील असते. त्याच्याजवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

नियम : भारतात मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी आणि दुचाकीच्या टायरची ०.८ मिमी खोल असावी लागते. टायरच्या भिंतीवरील चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०२० मधील नियमबदलानुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या ठराविक हलक्या वाहनांना स्टेपनी बाळगणे बंधनकारक राहिले नाही. किटमधील द्रव छिद्र तात्पुरते बुजवतो. टायर उतरवून पक्की दुरुस्ती करण्यासाठी वाहन कारागिराकडे न्यावेच लागते.