न उडालेल्या विमानांचा इतिहास

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपण एकमेकांना बजावतो आणि पुढच्याच श्वासात 'पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर' असा प्रश्न विचारतो. ही विसंगती केवळ मराठी मनाची नव्हे. अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची सविस्तर चर्चा लिव्ही या रोमन इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात केली आहे आणि अपेक्षेप्रमाणे विजयाचे माप रोमच्या पदरात टाकले आहे. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी संपादिलेल्या एका संग्रहात चर्चिल यांचा अमेरिकन यादवी युद्धावरील निबंध आहे. त्यातला निवेदक दक्षिणेने गेटिसबर्गची लढाई जिंकलेल्या जगात राहतो आणि ती दक्षिणेने गमावली असती तर, असा उलटा विचार करतो. उलटपक्षी, ई. एच. कार यांनी १९६१ सालच्या आपल्या व्याख्यानांत या साऱ्या व्यवहाराला दिवाणखान्यातील करमणुकीची जागा दाखवली.

ही करमणूक जेथे अक्षरशः दिवाणखान्यात, टेबलावर, गोंद आणि रंगाच्या बाटल्यांमध्ये चालते, अशा एका उपेक्षित प्रकाराविषयी येथे लिहायचे आहे. तो प्रकार म्हणजे काल्पनिक इतिहासाच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या विमानांच्या प्रतिकृती.

प्रतिकृतिकाराचा नेहमीचा धर्म कठोर वास्तववादाचा असतो. एकास बहात्तर हे त्याचे आवडते प्रमाण. मूळ विमानाच्या सहा फुटांना येथे एक इंच मिळतो. प्लास्टिकचे सुटे भाग जोडायचे, सांधे घासून बुजवायचे, रंग द्यायचा आणि शेवटी पाण्यात भिजवलेली चिन्हे कागदावरून अलगद सरकवून पंखांवर बसवायची. हे सारे करताना तो एखादे विशिष्ट विमान, विशिष्ट तुकडी, विशिष्ट वर्ष समोर ठेवतो. जुनी छायाचित्रे पाहून क्रमांकाचा आकडा कोठे संपतो, हेही तपासतो. थोडक्यात, तो बखरकाराहून अभिलेखपालाला अधिक जवळचा असतो.

याच मंडळींतील काहींनी हा धर्म न सोडता त्याचा विषय बदलला. इंग्रजीतील 'व्हॉट इफ' या शब्दांवरून त्यांच्या प्रतिकृतींना 'व्हिफ' म्हणतात. कधी एखादे खरे विमान, ज्या देशाने ते कधीच घेतले नाही त्याच्या वायुदलात दाखल होते. कधी अर्ध्यावर रद्द झालेले विमान वीस वर्षे सेवा बजावून थकलेले दिसते. कधी केवळ आराखड्यावर राहिलेले विमान आकार घेते. प्रतिकृतीसोबत परिच्छेदभर किंवा पानभर पूर्वकथा असते: करार कोणत्या वर्षी झाला, पहिली तुकडी कोठे उभी राहिली, कोणत्या युद्धात किती विमाने गमावली.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक परिचित गोष्ट दिसेल. विमानाच्या अंगावरील खुणा ही एक भाषा आहे. वर्तुळचिन्ह देश सांगते, रंगसंगती भूगोल सांगते (वाळवंट, जंगल की समुद्र), क्रमांक काळ सांगतो, तुकडीचे बोधचिन्ह परंपरा सांगते. या भाषेत वाक्य शुद्ध असले की ते खरे वाटू लागते, मग त्यातील विधान सर्वस्वी खोटे का असेना. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे झीज. धुराड्यामागची काजळी, पायऱ्यांजवळ उडालेला रंग, एका झाकणाचा किंचित वेगळा छटाभेद, जणू ते दुसऱ्या विमानावरून काढून येथे बसवले आहे. जे विमान कधी उडाले नाही, त्याच्या अंगावर हजारो तासांच्या उड्डाणांचा मळ चढवणे म्हणजे कादंबरीकार पात्राच्या सदऱ्याला ठिगळ लावतो, तेच काम होय. भूतकाळ नसलेल्या वस्तूला येथे भूतकाळ दिला जातो.

या प्रकाराचे आदर्श उदाहरण म्हणजे ब्रिटनचे टीएसआर-२. जमिनीलगत अतिवेगाने जाऊन मारा करणारे हे विमान २७ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. ६ एप्रिल १९६५ रोजी अर्थसंकल्पाच्या भाषणात ते रद्द झाल्याचे जाहीर झाले. तोवर एकाच विमानाची २४ उड्डाणे झाली होती. दुसरे त्याच सुमारास पहिल्या उड्डाणाच्या तयारीत होते. उडालेले एकमेव विमान पुढे शूबरीनेस येथे तोफगोळ्यांचा परिणाम तपासण्यासाठी लक्ष्य म्हणून वापरले गेले. न उडालेली दोन विमाने मात्र कॉसफर्ड आणि डक्सफर्ड येथील संग्रहालयांत जतन झाली. त्याच्या जागी मागवलेली अमेरिकन एफ-१११ विमानेही जानेवारी १९६८ मध्ये रद्द झाली. एरफिक्स कंपनीने २००६ साली या विमानाचा संच काढला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा शोक प्लास्टिकमध्ये उपलब्ध झाला. मग १९९१ च्या आखाती युद्धातील वाळवंटी गुलाबी रंगाची टीएसआर-२ दिसू लागली, ऑस्ट्रेलियाच्या कांगारूची चिन्हे ल्यालेलीही दिसू लागली.

यांतील बऱ्याच प्रतिकृती देखण्या असतात; पण त्यांच्या पूर्वकथा वाचताना एक भेद जाणवतो. काही लेखक नुसते 'सरकारने निर्णय बदलला' असे लिहून मोकळे होतात. ही इच्छापूर्ती झाली. पैसा कोठून आला, हा प्रश्न काही जण स्वतःला विचारतात. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनला पौंडाचे अवमूल्यन करावे लागले. त्यानंतर लवकरच सुएझच्या पूर्वेकडील लष्करी तळ आवरते घेण्याचा निर्णय झाला. सिंगापूरच्या तळावर टीएसआर-२ उभे करायचे, तर या साऱ्याचे काय करायचे? कोणती दुसरी योजना बळी द्यायची? जो लेखक हा हिशेब मांडतो, त्याच्या हातून नकळत साठच्या दशकातील ब्रिटनचा उत्तम इतिहास लिहिला जातो. एक धागा ओढला की वस्त्र किती आक्रसते, हे त्याला कळते. इतिहासातील कार्यकारणभाव समजून घेण्याची ही वाट कार यांनी समजली तितकी पोरकट नाही.

अर्थात संभाव्यतेचे बंधन कल्पितालाच असते, वास्तवाला नसते. घडलेले सांगतो तो इतिहासकार आणि घडू शकेल असे सांगतो तो कवी, हा ॲरिस्टॉटलचा भेद येथे फार उपयोगी पडतो. १९८६ साली टेस्टर्स या अमेरिकन कंपनीने, रडारला न दिसणारे गुप्त विमान कसे असेल याचा अंदाज बांधून 'एफ-१९' नावाचा संच बाजारात आणला. तो गाजला. त्याचे गोलसर, वाहते आकार पाहणाऱ्याला पटत होते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये खऱ्या एफ-११७ चे छायाचित्र जाहीर झाले, तेव्हा ते निघाले हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट पत्र्यांचे आणि कोनांचे. कुणा प्रतिकृतिकाराने ते आधी बनवले असते तर त्याला विमानशास्त्र शिकून ये, असे सांगितले गेले असते.

त्याहून विलक्षण चरित्र कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याचे आहे, आणि त्याचा शेवट आपल्या देशात येतो. दुसऱ्या महायुद्धात फॉके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान घडवणाऱ्या टांक यांनी युद्धाच्या अखेरीस टीए-१८३ या जेट विमानाचा आराखडा केला. ते कधी बांधले गेले नाही. पराभवानंतर ते पेरॉन यांच्या अर्जेंटिनात गेले आणि तेथे त्यांचे पुल्की-२ हे जेट विमान १९५० साली उडाले. पेरॉन १९५५ मध्ये पदच्युत झाले; टांक १९५६ मध्ये भारतात आले. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मरुत हे विमान तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. हिटलरच्या, पेरॉनच्या आणि नेहरूंच्या देशांसाठी एकाच माणसाने जेट विमाने आखावीत, ही पूर्वकथा एखाद्या व्हिफकाराने रचली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

मरुतला त्याच्या आराखड्याला शोभेल असे इंजिन कधीच मिळाले नाही. ज्या ऑर्फियस १२ इंजिनावर भिस्त होती, त्याचा विकास पुरा झाला नाही. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोगही तडीस गेला नाही. दुबळ्या इंजिनांवर ते डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थान सीमेवर लढले आणि १९९० मध्ये निवृत्त झाले. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातील मरुत अनेक मुंबईकरांनी लहानपणी पाहिले असेल. योग्य इंजिन मिळालेले मरुत हा व्हिफकारांना मोहवणारा विषय आहे. तथापि तो प्रामाणिकपणे हाताळायचा, तर इंजिननिर्मितीचे धातुशास्त्र, परकीय चलनाची टंचाई आणि १९५० च्या दशकातील भारताचे अग्रक्रम यांना सामोरे जावे लागते. शेपटीमागचे धुराडे मोठे करून भागत नाही.

टीए-१८३ च्या उल्लेखाने आपण या प्रकाराच्या सर्वांत अवघड दालनाशी येतो. 'लुफ्त ४६' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृतींत जर्मन वायुदल १९४६ मध्येही लढत आहे आणि कागदावरची सारी विमाने आकाशात आहेत. आकारांची मोहिनी नाकारण्याचे कारण नाही. पण या जगाची अट काय आहे? युद्ध ८ मे १९४५ रोजी संपू नये, ही. तेव्हाची जर्मन शस्त्रे कोणाच्या हातांनी बनत होती, हे नोंदलेले आहे. हाइन्केल १६२ या जेट विमानाचे सांगाडे व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूल येथील भुयारात छळछावणीतील कैद्यांकडून करवून घेतले जात. मित्तेलबाउ-डोरा येथील कैद्यांवर क्षेपणास्त्रांचे आणि जेट इंजिनांचे काम लादले गेले. तेथील सुमारे साठ हजार कैद्यांपैकी वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. युद्ध एक वर्ष लांबवणे म्हणजे ही भुयारे एक वर्ष अधिक चालवणे. शिवाय १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेची अणुचाचणी यशस्वी झाली होती. तेव्हा १९४६ च्या बर्लिनचे काय झाले असते, हाही प्रश्न उरतो. ज्या पूर्वकथेत यांतले काहीच नसते, ती अर्धवट असते. त्या चकचकीत पंखावरील काजळी कलावंताने कसोशीने रंगवलेली असते. पंख जोडणारे हात मात्र पुसलेले असतात.

म्हणून येथे मूल्यमापनाची कसोटी कल्पिताला परवानगी असावी की नसावी, ही नाही. बदललेल्या एका गोष्टीची किंमत लेखक चुकती करतो की नाही, ही आहे. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाच्या प्राध्यापकाला विश्वासराव वाचलेल्या, मराठे जिंकलेल्या जगात जावे लागते. तेथे मनोरथाची पूर्तता आहेच. पण तो प्राध्यापक ग्रंथालयात जाऊन वळण नेमके कोठे आले, हे ग्रंथांत शोधतो. विजयाने सुखावणे आणि विजयाची कारणे शोधणे यांतील अंतर ती कथा ओळखते.

जर-तरचा प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी शोकातून येतो. कुणाला एका सुंदर यंत्राचा शोक असतो, कुणाला साम्राज्याचा, कुणाला एका लढाईचा. तो करू नये, असे म्हणणारा मनुष्यस्वभाव जाणत नाही. मात्र आपण काय गमावले म्हणून रडतो आहोत आणि ते राखण्यासाठी आणखी कोणी काय गमावले असते, हे दोन्ही एकाच पानावर लिहिण्याची तयारी हवी. ती असेल, तर तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या विमानाखालचा परिच्छेदही इतिहासलेखन म्हणून वाचण्याजोगा होतो.