विजेरीचा भरवसा

आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यात देवघराशेजारच्या कोनाड्यात एक पितळी विजेरी ठेवलेली असे. घरात तिला विजेरी कोणी म्हणत नसे. ती 'बॅटरी' आणि तिच्या पोटातले ते 'सेल'. मुलांनी तिला हात लावायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. 'ती खेळायची वस्तू नव्हे, अडीनडीची आहे,' असे ते म्हणत. एका पावसाळी रात्री वीज गेलेली असताना आत्याला विंचू चावला. आजीने हाक मारली, 'अहो, आधी ती बॅटरी आणा!' आजोबांनी कोनाड्यातून बॅटरी काढली, कळ पुढे सरकवली. पण उजेड पडला नाही. मागचे झाकण उघडले तेव्हा दिसले, की सेल पाझरून पांढऱ्या खारात नळीला घट्ट चिकटून बसले आहेत. आत्याला कंदिलाच्या उजेडात दवाखान्यात न्यावे लागले. ती बरी झाली. आजोबांच्या मनाला मात्र ती गोष्ट पुष्कळ दिवस लागून राहिली.

ही आठवण निघण्याचे कारण म्हणजे आज घरोघरी आलेल्या एलईडी विजेऱ्या. त्यांच्या खोक्यांवरचे आकडे पाहिले, तर अडीनडीचा प्रश्न कायमचा मिटला असे वाटावे. तो खरोखर किती मिटला, हे पाहण्यासाठी विजेरीचा सव्वाशे वर्षांचा प्रवास थोडक्यात डोळ्यांखालून घालणे आम्हांस इष्ट वाटते.

इंग्रजीतील 'टॉर्च' म्हणजे मूळची मशालच. आपल्याकडे दिवटी आणि मशाल धरणारा माणूस वेगळा असे, आणि तेल संपत आले की ज्योतच ते सांगे. वीज हाती धरून चालायचे, तर आधी सांडणार नाही असा विद्युत्घट हवा होता. कार्ल गासनर या जर्मन संशोधकाने १८८६ साली अशा कोरड्या घटाचे पेटंट घेतले. त्यात जस्ताचा डबाच घटाचे एक टोक होता. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. ते ज्या कंपनीच्या नावे होते, तिचा मालक कॉनराड ह्यूबर्ट हा रशियन साम्राज्यातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला उद्योजक. परमुलखात पाय रोवणाऱ्या घराण्यांना त्याची कथा परकी वाटू नये. त्या पहिल्या विजेऱ्यांचे घट इतके दुबळे होते, की दिवा क्षणभर लावून विझवावा लागे. अमेरिकेत रूढ झालेल्या 'फ्लॅशलाइट' या नावात त्या दुबळेपणाची खूण आजही राहिली आहे. पुढे १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि उजेड खऱ्या अर्थाने स्थिरावला.

ह्यूबर्टची 'एव्हररेडी' कंपनी १९१४ मध्ये नॅशनल कार्बन कंपनीत आणि तीसह १९१७ मध्ये युनियन कार्बाइड या उद्योगसमूहात गेली. १९३४ साली कलकत्त्यात तिची भारतीय शाखा स्थापन झाली. १९५९ पासून तीच 'युनियन कार्बाइड इंडिया' या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या कोनाड्यांतील सेल ज्या कंपनीचे होते, त्याच कंपनीच्या भोपाळमधील कीटकनाशकांच्या कारखान्यातून २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्या रात्री टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद करून ठेवलेली होती आणि निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. अडीनडीची व्यवस्था नुसती असून भागत नाही, हा धडा माळव्याच्या उंबरठ्यावर इतक्या भयंकर रीतीने लिहिला गेला, की विजेरीच्या इतिहासातही तो वगळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. भारतातील सेलांचा व्यवसाय १९९४ नंतर दुसऱ्या मालकाकडे जाऊन 'एव्हररेडी इंडस्ट्रीज' या नावाने चालू राहिला.

जुन्या विजेरीचा उजेड आजच्या मानाने नगण्य होता. दोन मोठ्या सेलांची साधी विजेरी सुमारे १० ते २० ल्यूमेन प्रकाश देई. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. तिचा दिवा तारेचा. हातातून पडली की तार तुटे, म्हणून पुष्कळ विजेऱ्यांच्या मागच्या झाकणात एक जादा दिवा खोचलेला असे. सेलातील जस्ताचा डबा वापरात झिजत जाई आणि शेवटी पाझरे. जाणती माणसे प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवत, म्हणजे पेटीत कळ सरकली तरी सेल खर्ची पडत नसत. मंद झालेले सेल अंगणात उन्हाला ठेवण्याची तऱ्हाही वाचकांना स्मरत असेल. उबेने त्यांत तात्पुरती धुगधुगी येई, इतकेच. या विजेरीचा एक गुण मात्र होता. विजेचा दाब एकदशांशाने उतरला, की तारेचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटे आणि पिवळा पडे. त्यामुळे सेल संपत आल्याची सूचना बरीच आधी मिळे.

एलईडीची कथा १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी बनविलेल्या तांबड्या डायोडपासून सुरू होते. पांढऱ्या उजेडासाठी निळा डायोड हवा होता. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साध्य केला. १९९३ मध्ये तेजस्वी निळा दिवा बाजारात आला आणि २०१४ मध्ये या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, की दोहोंच्या मिश्रणाने उजेड पांढरा दिसतो. यात तुटायला तार नाही, दिवा वारंवार बदलावा लागत नाही, आणि एका वॉटमागे आज १०० ल्यूमेनहून अधिक प्रकाश मिळतो. दिव्यापुरते पाहिले, तर एलईडी तारेच्या दिव्याहून बहुतेक बाबतींत सरस आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

पण विजेरी म्हणजे केवळ दिवा नव्हे. काही वर्षांपूर्वी पहाटेच्या स्नानासाठी आम्ही चार जण महेश्वरला घाटाच्या पायऱ्या उतरत होतो. हाती बाजारातून नुकतीच आणलेली विजेरी होती. खोक्यावर पाच आकडी ल्यूमेन छापलेले. उजेडही डोळे दिपविणारा. अर्ध्या वाटेवर ती कोणतीही सूचना न देता एकाएकी विझली. लख्ख उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारात पुन्हा नीट दिसू लागायला वीस-तीस मिनिटे लागतात. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांची पायरी चुकली आणि घोटा दुखावला. आजोबांची बॅटरी कोनाड्यात पडून बिघडली होती. ही तर हातात असताना गेली.

घरी येऊन तिचा सेल काढून पाहिला. तो १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, लिथियम-आयन जातीचा होता आणि त्यावर ९,९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा होता. या मापाच्या चांगल्या सेलाची धारणा साधारण ३,००० ते ३,५०० असते. येथे शाळकरी गुणाकार पुरेसा आहे. साडेतीन अँपिअर-तासांना ३.६ व्होल्टने गुणले, की सुमारे साडेबारा वॉट-तास होतात. वॉटमागे १०० ल्यूमेन धरले, तर हजार ल्यूमेनचा उजेड जेमतेम सव्वा तास टिकेल. एका सेलावर हजार ल्यूमेन आणि दहा तास असे दोन्ही आकडे एकत्र छापलेले दिसले, की त्यांतला एक तरी खोटा समजावा, अथवा दोन्ही एका वेळचे नाहीत असे धरावे. एकाएकी विझण्याचे कारणही याच सेलात आहे. त्याचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, तर सेल खराब होतो. म्हणून रक्षक मंडल प्रवाह तोडून टाकते.

प्रामाणिक आकडेही नीट वाचावे लागतात. २००९ मध्ये अमेरिकेत विजेऱ्यांसाठी 'एफएल-१' हे ऐच्छिक मानक ठरले. त्यानुसार ल्यूमेन मोजायचे ते दिवा लावल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान, आणि 'चालण्याचा काळ' धरायचा तो उजेड सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंत. एलईडी तापतो आणि ती उष्णता विजेरीच्या अंगावाटेच बाहेर जाऊ शकते. म्हणून खिशात मावणारी हजार ल्यूमेनची विजेरी काही मिनिटांतच आपला उजेड उतरविते आणि उरलेले तास दोन-तीनशेवर काढते. यात लबाडी नाही, पण समजून घेणे अगत्याचे आहे. तसेच 'पल्ला २०० मीटर' याचा अर्थ तेवढ्या अंतरावर सुमारे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडेल, एवढाच. पल्ला दुप्पट करायचा, तर झोताची तीव्रता चौपट लागते.

या सर्व प्रवासावरून आम्हांस असे दिसते, की विजेरीचा कच्चा दुवा नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. पूर्वी तो तारेत आणि सेलात होता; आता तो सेलात, कळीत आणि आतल्या मंडलात आहे. अल्कलाइन सेलही पडून राहिले तर पाझरतात. तीन बारीक सेल एका पिंजऱ्यात बसविणाऱ्या स्वस्त विजेऱ्यांत जोड अधिक, म्हणून बिघाडाच्या जागाही अधिक. विजेवर चालणारी कळ असलेल्या काही विजेऱ्या बंद असतानाही थोडा प्रवाह खातात. त्यांचे मागचे झाकण अर्धा फेरा सैल करून ठेवणे हे जुन्या उलट्या सेलाचेच नवे रूप होय. घरात ठेवायची तर दोनशे ल्यूमेनची, साध्या यांत्रिक कळीची, सर्वत्र मिळणाऱ्या सेलांवर चालणारी विजेरी पुरेशी आहे. सेल बाहेर काढून तिच्याशेजारी ठेवावेत आणि महिन्यातून एकदा ती लावून पाहावी.

आमच्या घरी आता दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट पाहत असताना, नातवंडांपैकी कोणीतरी विजेरीत सेल घालून ती लावून पाहते. मुलांनी हात लावायचा नाही हा आजोबांचा दंडक आम्ही अशा रीतीने मोडला आहे. ती अडीनडीची वस्तू आहे, हे त्यांचे म्हणणे मात्र आम्ही मोडलेले नाही.