दुःखाच्या खात्यावर भलतीच जमा

मोठी कला मोठ्या दुःखातूनच येते, हे मत आपल्याकडे इतकं मुरलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. रॉक संगीतातला त्याचा हुकमी दाखला म्हणजे फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा अल्बम, 'रूमर्स'.

पूर्वपक्ष असा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या स्टुडिओत बँडचे पाच जण जमले, तेव्हा जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्हींचा संसार मोडला होता, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांचं फाटलं होतं, मिक फ्लीटवुडच्या घरातही धड नव्हतं. गाण्यांतून एकमेकांना टोमणे. पुढे कोट्यवधी प्रती खपल्या, ग्रॅमी मिळालं. तेव्हा अल्बम दुःखानेच घडवला!

दुःखाने विषय पुरवला, एवढं मी मान्य करतो. पण घडवला कुणी? महिनोन् महिने वाजवून वाजवून मूळ टेप इतकी झिजली की ड्रमचा आवाज बोथट झाला. सुदैवाने पहिलं ध्वनिमुद्रण एकाच वेळी दोन यंत्रांवर झालं होतं. मग एक तंत्रज्ञ कानाला हेडफोन लावून बसला. एका कानात झिजलेली टेप, दुसऱ्यात न झिजलेली. वेग हाताने कमीजास्त करत त्याने दोन्हींचे ठोके जुळवले आणि नंतर भरलेले आवाज चांगल्या टेपवर उतरवले. 'द चेन' हे गाणं तर वेगवेगळे तुकडे कापून-जोडून उभं राहिलं. यातलं कोणतं काम विरहाने केलं? आणि निक्स यांचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज', ताटातुटीचं इतकं उघड गाणं, लांबीपायी अल्बममधून वगळलं गेलं. त्या भयंकर संतापल्या. तबकडीची बाजू काही लांबली नाही.

आमच्या मिरजगावच्या बाजूला, जिथे यात्रा म्हटलं की तमाशा आलाच, हेच मत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने ऐकू येतं. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगतात. आणि सांगणारा हमखास जोडतो, 'म्हणून ती एवढी मोठी.' मला तर हे कौतुक जरा निर्दयच वाटतं. त्या प्रसंगातून दिसते ती फडाची सक्ती: सुपारी घेतलेली, पब्लिक बसलेलं, पोटं अवलंबून. नाचणं-गाणं विठाबाईंना आधीच येत होतं. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात लहानपणापासून घोटलेलं. वेदनेतूनच कला येत असती, तर राष्ट्रपती पदकानंतरही हलाखीत गेलेल्या त्यांच्या अखेरच्या वर्षांतून, २००२ साली त्या जाईपर्यंत, एखादा नवा वग निघायला हवा होता. त्या काळात निघाली ती दवाखान्याची बिलं.