बॉडेन आणि पिरी : विषाणुसंशोधनांतील एक भागीदारी

एका शोधास एकाच माणसाचें नांव जोडण्याची आपणांस संवय झाली आहे. पारितोषिकें वांटण्यास ती सोयीची असेल; परंतु शोध लागतात कसे, हें समजण्यास ती उपयोगी नाहीं. या दृष्टीनें फ्रेडरिक बॉडेन व नॉर्मन पिरी या दोन ब्रिटिश संशोधकांची कामगिरी आम्हांस उद्बोधक वाटते.

भेंडीवर पडणारा केवडा वाचकांनीं पाहिला असेलच; पानांच्या शिरा पिवळ्या पडतात व झाड खुरटतें. तो विषाणूचाच प्रताप. तंबाखूच्या पानांवरही असेच फिके व गडद पट्टे उठतात. रोगी पानांचा रस जंतूंना अडविणाऱ्या गाळणींतून गाळला तरी रोग देतोच, असें 1892 सालीं रशियांत इव्हानोव्हस्की यांस आढळलें. हें कारण जंतूंहून निराळेंच आहे, असें 1898 सालीं हॉलंडांत बेयेरिंक यांनीं प्रतिपादिलें. पण तें द्रव्य कोणतें? 1935 सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें वेंडेल स्टॅन्ली यांनीं रोगी रसांतून स्फटिकासारखें द्रव्य वेगळें काढलें आणि तें प्रथिन असल्याचें जाहीर केलें. सजीवाप्रमाणें वाढणारी वस्तु मिठासारखी बाटलींत भरून ठेवतां येते, या वार्तेनें मोठी खळबळ उडाली.

बॉडेन हे केंब्रिज येथें रेडक्लिफ सॅलमन यांच्या हाताखालीं बटाट्याच्या विषाणूंवर काम करून तयार झालेले वनस्पतिरोगतज्ज्ञ. 1936 सालीं ते रॉथॅम्स्टेडच्या शेतकी प्रयोगकेंद्रांत गेले. पिरी हे केंब्रिजचे जीवरसायनज्ञ. एकास झाड कळे, दुसऱ्यास द्रव्य. पिरींनीं शुद्ध केलेला अंश खरोखर विषाणु आहे कीं नाहीं, याचा निवाडा शेवटीं जिवंत पानच करी. पानाच्या एका अर्ध्या भागावर एक द्रव व दुसऱ्यावर दुसरा चोळून उठणारे डाग मोजावयाचे, ही ती पद्धति. झाडावांचून रसायन आंधळें आणि रसायनावांचून झाड मुकें, अशी ही जोडी होती.

तपासाअंतीं त्यांना त्या द्रव्यांत फॉस्फरस व शर्करा आढळली. केवळ प्रथिनांत त्यांचें काय काम? विषाणूंत सुमारें 94 टक्के प्रथिन व 6 टक्के रायबोन्यूक्लिक आम्ल आहे, असा निष्कर्ष निघाला. इतका अल्प अंश मळ म्हणून टाकून देणें सोपें होतें. परंतु विषाणूच्या निरनिराळ्या जातींतही तो आढळला, आणि या जोडीनें तो सोडला नाहीं. 1936 सालच्या डिसेंबरांत ‘नेचर’मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यावर बर्नाल व फॅनकुखेन यांचीं नांवेंही होतीं. या दोघांनीं क्षकिरणांनीं तपासून विषाणूचे कण लांब काड्यांसारखे, सुमारें 15 नॅनोमीटर जाडीचे व एकमेकांस समांतर रचलेले असल्याचें दाखविलें.

1946 सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा स्टॅन्ली यांस मिळाला. दार त्यांनीं उघडलें, म्हणून तो मान रास्तच होता. मात्र आंत काय आहे हें नीट पाहणारे मानकऱ्यांत नव्हते. याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, ते सहा टक्केच विषाणूचें मर्म आहे, असा दावा या जोडीनें केला नाहीं. तो पुरावा 1956 सालीं ट्युबिंगेन येथें गीरर व श्राम यांनीं आणि बर्कले येथें फ्रेंकेल-कॉनराट यांनीं दिला. प्रथिन काढून टाकलें तरी उरलेलें आम्ल रोग देऊं शकतें, हें त्यांनीं दाखविलें.

पिरींची संशयी वृत्ति दोन्हीं बाजूंनीं धार असलेलें शस्त्र होती. तिनें स्टॅन्लींचें मत दुरुस्त झालें. पण विषाणूच्या सर्व काड्यांची लांबी सारखीच असते, हें रोझालिंड फ्रँकलिन यांचें मत त्यांना 1955च्या सुमारास मान्य झालें नाहीं. तें मत पुढें खरें ठरलें. सहकार्यांतही माणसें माणसेंच राहतात.

बॉडेन 1958 सालीं रॉथॅम्स्टेडचे संचालक झाले व 1972 सालीं निवर्तले. पिरी 1997 पर्यंत जगले. त्यांच्या चरित्रांतून आम्हांस घेण्यासारखें एवढेंच दिसतें कीं, गाजलेल्या सिद्धांताच्या हिशेबांत न बसणारें थोडकें जें उरतें, तें झाडून टाकण्यापूर्वीं तपासून पाहावें. आणि तें पाहण्यास आपल्याहून निराळें शिकलेला सोबती असावा.