शेजारच्या जनुकाची गोष्ट : हेप्सिडिन कसं सापडलं?

पीएचडीची तयारी करताय ना? मग हा छोटासा इतिहास माहीत असू द्या.

तांबडी रक्तपेशी जगते साधारण १२० दिवस. मग प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी तिला गिळतात, हिमोग्लोबिन फोडतात आणि लोह रक्तात परत सोडतात. रोज २० ते २५ मिलिग्रॅम! अन्नातून शोषलं जातं जेमतेम १ ते २. म्हणजे नव्या रक्ताला लागणारं बहुतेक लोह जुन्याच मालातून येतं. पण कधी सोडायचं आणि कधी अडवून ठेवायचं, हे कोण सांगतं?

उत्तर आडवाटेने आलं. २००० च्या सुमारास जर्मनीतल्या एका गटाला मानवी रक्तात आणि लॉस एंजेलिसमध्ये टोमास गांझ यांच्या गटाला लघवीत एकच पेप्टाइड मिळालं. दोघांनीही ते पाहिलं जंतुनाशक म्हणून. गांझ यांच्या गटाने नाव दिलं हेप्सिडिन.

तिकडे पॅरिसमध्ये सोफी वोलाँ यांच्या गटाला अभ्यासायचं होतं ग्लुकोजचं नियमन. त्यासाठी त्यांनी उंदरांमधलं यूएसएफ२ हे जनुक निकामी केलं. तर उंदरांचं स्वादुपिंड चक्क तपकिरी! यकृतातही लोह साठलेलं. गंमत म्हणजे प्लीहेतल्या मॅक्रोफेजमध्ये मात्र लोह नाही. शोध घेतल्यावर कळलं, की शेजारचं हेप्सिडिनचं जनुकही गप्प झालंय. हे प्रसिद्ध झालं २००१ मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांनी उलटी परीक्षा घेतली : हेप्सिडिन जास्त बनवणारे उंदीर. पिल्लं जन्मतःच फिकट, तीव्र रक्तक्षय झालेली.

यंत्रणा उलगडली २००४ मध्ये. पेशीतून लोह बाहेर पडायचं दार म्हणजे फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्याला चिकटतं, दार पेशीच्या आत ओढलं जातं आणि मोडून टाकलं जातं. लोह मॅक्रोफेजमध्येच अडकतं. त्याच वर्षी हेही दिसलं, की दाह झाला की आयएल-६ हा संदेश यकृताला हेप्सिडिन वाढवायला लावतो. जंतूंना लोह मिळू नये म्हणून ही नाकेबंदी. पण आजार लांबला तर तीच अंगाशी येते : कोठारात लोह भरपूर, तरीही रुग्णाला रक्तक्षय. अशा वेळी लोहाच्या गोळ्या फारशा का लागू पडत नाहीत, ते आता लक्षात आलं असेल.

आता तुमच्यासाठी. तो तपकिरी रंग 'आपला विषय नाही' म्हणून सोडून देता आला असता. आणि त्याचं खापर यूएसएफ२ वर फोडणं तर त्याहून सोपं होतं. म्हणून नॉकआउट उंदरांवरचा पेपर हातात आला, की एक प्रश्न जरूर विचारा : शेजारची जनुकं शाबूत होती का?