वारस नोंद
वारस नोंद म्हणजे मृत खातेदाराच्या जागी त्याच्या कायदेशीर वारसांची नावे गावच्या महसुली अभिलेखात दाखल करण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी लागते.

मृताच्या नावे किती जमीन होती, हे गाव नमुना ८-अ वरून कळते. मात्र हा उतारा गावनिहाय असतो. भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांत एकाच कुटुंबाची जमीन असल्यास प्रत्येक गावचा उतारा स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

तलाठी वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये घेतो. पुढे फेरफार लिहून हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. फेरफार प्रमाणित झाल्यावर नावे सातबाऱ्यावर येतात.

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मुलग्यांप्रमाणेच मुली, विधवा व आई हेही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार प्रथम वर्गातील वारस आहेत. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही. त्यामुळे विवाहित मुलीचे नाव नोंदीतून वगळले गेले, तरी केवळ त्या कारणाने तिचा हक्क संपत नाही.